धुतला खरा, सुकला का?

ऑगस्टचा पहिला आठवडा जगभर स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत हा आठवडा ऐन पावसाचा. दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहतात, पापड सादळतात, कपाटातल्या पट्ट्यावर बुरशी धरते. याच दिवसांत रुग्णालयांत फलक लागतात, व्याख्याने होतात आणि पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्या, असे पुन्हा एकदा सांगितले जाते. ते सांगायलाच हवे. पण या परिसरात नोकरी करणाऱ्या बऱ्याच आयांचे दूध आता पंपाने काढून, बाटलीत साठवून, मग बाळाच्या पोटात जाते. त्या पंपाचे भाग दोन वापरांच्या मधल्या वेळात कसे धुवायचे आणि मुख्य म्हणजे कसे सुकवायचे, याबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. दूध कसे काढायचे हे बाळंतिणीला कोणीतरी दाखवते; पंप कसा सुकवायचा हे बहुधा तिचे तिलाच शोधावे लागते.

पंप ही या पट्ट्यात चैनीची वस्तू उरलेली नाही. डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ४८ किलोमीटर, कल्याणपासून ५४. लोकल वेळेवर असली तरी जाण्या-येण्यात तीनेक तास सहज जातात. कार्यालयाचे आठ-नऊ तास त्यात मिळवले की आई दिवसातले अकरा-बारा तास बाळापासून दूर असते. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात सुधारणा होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, ही मोठीच सोय. पण ज्यांना तो लाभ मिळतो त्यांनाही साधारण सहा महिन्यांनी, म्हणजे बाळाचे वरचे अन्न जेमतेम सुरू होताना, परतावे लागते. कंत्राटी नोकरी, दुकान, शिकवणी, पार्लर यांत असलेल्या बायकांच्या वाट्याला तेवढेही येत नाही. त्यांचे बाळ दीड-दोन महिन्यांचे असतानाच पंप घरात येतो. शिवाय ज्यांची बाळे वेळेआधी जन्मून नवजात अतिदक्षता विभागात असतात, त्या आयांना तर पहिल्या दिवसापासून दूध काढूनच पाठवावे लागते. म्हणजे पंपाची गरज सर्वांत जास्त जिथे, तिथले बाळही सर्वांत नाजूक.

या बाळांना काय होऊ शकते, हे अमेरिकेत नोंदल्या गेलेल्या दोन घटनांतून दिसते. २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यात २९ व्या आठवड्यात जन्मलेल्या एका मुलीला तिसऱ्या आठवड्यात मेंदूच्या आवरणाचा संसर्ग झाला. कारण होता क्रोनोबॅक्टर साकाझाकी नावाचा जंतू. मुलगी वाचली, पण तिच्या मेंदूवर कायमचा परिणाम झाला. तपासात तोच जंतू आईच्या पंपावर, काढलेल्या दुधात आणि घरातल्या सिंकच्या निचऱ्यात सापडला. आई निष्काळजी मुळीच नव्हती. ती पंपाचे भाग साबणाच्या पाण्यात चार-पाच तास भिजत ठेवत होती, मग विसळून, हवेवर ठेवून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करत होती. घासणे तेवढे राहून जात होते. या घटनेनंतर तिथल्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने पंपाच्या स्वच्छतेबद्दल सविस्तर सूचना काढल्या. २०२२ मध्ये दुसरे बाळ दगावले. तेही वेळेआधी जन्मलेले. त्याच्या घरी पंपाचे भाग सिंकमध्ये धुतले जात, निर्जंतुकही केले जात. पण काही वेळा ते ओलसर असतानाच पुन्हा जोडले जात. मार्च २०२३ मध्ये सीडीसीने ही माहिती प्रसिद्ध केली.

असा संसर्ग दुर्मीळ आहे, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. पंप वापरणाऱ्या कोट्यवधी आयांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला हे येते. पण दोन्ही घरांत मेहनत घेतली जात होती आणि तरी एकेक कच्चा दुवा राहिला होता. एकीकडे घासणे, दुसरीकडे सुकणे. ठाणे-कल्याणच्या पावसाळ्यात दुसरा दुवा जवळपास प्रत्येक घरात कच्चा असतो.

ओलाव्याचे काय होते, हे डबा नेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुपारी जेवण झाल्यावर कार्यालयात डबा नीट विसळायचा, झाकण लावून पिशवीत टाकायचा आणि संध्याकाळी घरी उघडला की कुबट वास. अन्नाचा कण दिसत नाही, तरी वास येतो. कारण उरलेल्या थेंबात आणि न दिसणाऱ्या तेलकट थरात जंतू तासन्‌तास वाढत राहतात. पंपाचे तसेच आहे. दुधातील स्निग्धांश पारदर्शक प्लॅस्टिकवर आणि सिलिकॉनच्या मऊ भागांवर चिकटून राहतो. पंपातला पातळ पडदा, चोचीसारखी छोटी झडप आणि जोडाच्या खाचा या तीन जागा नुसत्या विसळण्याने साफ होत नाहीत. तिथे जंतू बसले की स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि मग साबणाचे पाणीही वरून निघून जाते. म्हणून हाताने किंवा ब्रशने घासणे आवश्यक. सुकवल्याने सगळे जंतू मरतात असे नाही. क्रोनोबॅक्टर तर कोरड्या पावडरीतही बराच काळ तग धरतो. पण पाण्यावाचून त्याची संख्या वाढत नाही, आणि बाळाच्या पोटात किती जंतू जातात यावर बरेच अवलंबून असते.

रुग्णालयांनी ही शिस्त फार पूर्वीच अंगी बाणवली आहे. आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. ज्या नवजात बाळांना स्वतःच्या आईचे दूध मिळू शकत नाही, त्यांना वरच्या दुधाने आणि बाटल्यांनी होणाऱ्या संसर्गापासून वाचवायचे, हा त्यामागचा विचार. दुग्धपेढीत दान आलेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवले जाते, त्याची जंतूंसाठी तपासणी होते आणि दुधाला लागणारे प्रत्येक भांडे निर्जंतुक केलेले असते. घरी काढलेल्या दुधावर यातले काहीच होत नाही. आईने आपल्याच बाळासाठी काढलेले दूध असे तापवण्याची गरजही नसते. तसे केल्याने त्यातली काही संरक्षक द्रव्ये कमी होतात. म्हणजे घरी सगळी भिस्त भांड्यांवर आणि हातांवर.

त्यासाठी लागणारी सामग्री साधी आहे. पंप हाताळण्याआधी साबणाने निदान २० सेकंद हात धुवावेत. दूध काढून झाल्यावर ते झाकून, तारीख-वेळ लिहून फ्रिजमध्ये ठेवावे आणि लगेच पंपाचे भाग सुटे करावेत. दुधाचा स्पर्श होतो तो प्रत्येक भाग, म्हणजे स्तनावरचा कप, जोड, झडप, पडदा आणि बाटली, वाहत्या पाण्याखाली धरावा. मग गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन एका वेगळ्या पातेल्यात घासावे. सिंकमध्ये थेट ठेवू नये. तिथे भाजीची माती, मासळी-मटणाचे पाणी आणि कालच्या भांड्यांचा चिकटा सगळेच येऊन गेलेले असते. पातेले आणि लहान ब्रश फक्त बाळाच्या वस्तूंसाठी राखून ठेवावेत आणि दर दोन-चार दिवसांनी तेही नीट धुवावेत. घरच्या भांड्यांची घासणी इथे वापरू नये. घासून झाल्यावर भाग पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावेत. बारवी धरणाचे किंवा उल्हास नदीचे पाणी शुद्ध होऊन येते खरे, पण ते आधी सोसायटीच्या टाकीत, मग गच्चीवरच्या टाकीत आणि पाणी बंद असलेल्या दिवशी पिंपात साठते. २७ गावांच्या पट्ट्यात ते टँकरनेही येते. साठवलेले पाणी वापरायची वेळ आली, तर शेवटचे विसळणे उकळून गार केलेल्या पाण्याने करावे.

बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान असेल, वेळेआधी जन्मलेले असेल किंवा त्याची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर धुतलेले भाग दिवसातून एकदा तरी उकळावेत. भाग पाण्यात पूर्ण बुडाले पाहिजेत आणि पाण्याला उकळी आल्यापासून पाच मिनिटे मोजावीत. कोणते भाग उकळलेले चालतात हे पंपासोबतच्या पत्रकात दिलेले असते. मात्र उकळणे हा न घासण्याला पर्याय नाही. चिकटलेल्या दुधासकट उकळले, तर तो थर आणखी घट्ट बसतो.

आता सुकवणे. उकळलेले भाग स्वच्छ चिमट्याने बाहेर काढून गरम असतानाच जोरात झटकावेत आणि जाळीवर किंवा न वापरलेल्या कोरड्या सुती फडक्यावर एकमेकांना न चिकटवता ठेवावेत. भाग गरम असले की पाणी लवकर उडते. कप आणि बाटली तिरकी ठेवावी. सपाट पृष्ठभागावर उपडी ठेवली तर आत वाफ कोंडते. झडप आणि पडदा वेगवेगळा ठेवावा, जोडलेल्या स्थितीत तो आतून सुकत नाही. स्वयंपाकघरातल्या हात पुसायच्या फडक्याने पुसून काढण्याचा मोह होतो, तो टाळावा. त्या फडक्यावरचे जंतू धुतलेल्या भागावर परत बसतात. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे इतर वेळी तासा-दोन तासांत सुकणारे भाग कितीतरी जास्त वेळ घेतात. ओट्याच्या कोपऱ्यात, भांड्यांच्या जाळीखाली किंवा बंद कपाटात ते सुकणार नाहीत. पंखा चालू असलेल्या खोलीत, धूळ आणि स्वयंपाकाची वाफ येणार नाही अशा उंच जागी ठेवावेत. विजेवर चालणाऱ्या निर्जंतुकीकरण यंत्रात भाग तसेच झाकून ठेवण्याची सवय अनेक घरांत असते. यंत्र बंद झाल्यावर झाकणावर जमलेले पाणी पुन्हा भागांवरच पडते, हे लक्षात ठेवावे. बोट फिरवले तर ओल लागत नाही आणि खाचेत थेंब दिसत नाही, तेव्हाच भाग झाकणाच्या कोरड्या डब्यात जावेत.

पंपाच्या नळीत सहसा दूध जात नाही, त्यामुळे ती रोज धुवायची नसते. पण तिच्यात वाफेचे थेंब दिसले, तर दूध काढून झाल्यावर नळी तेवढी जोडून पंप दोन मिनिटे रिकामा चालवावा. नळीत काळे ठिपके किंवा बुरशी दिसली, तर ती धुण्याचा प्रयत्न न करता टाकून द्यावी.

पावसाळ्यात या सगळ्याला वेळ पुरत नाही, ही तक्रार रास्त आहे. दर तीन तासांनी दूध काढणाऱ्या आईचे भाग पुढच्या वेळेपर्यंत सुकणार कधी? उपाय साधा आहे: कप, झडप, पडदा आणि जोड यांचा दुसरा आणि शक्य असल्यास तिसरा संच घेणे. अख्खा पंप पुन्हा घ्यावा लागत नाही. बाळाच्या बारशाला खेळणी आणि फ्रॉक देणाऱ्या आत्या-मावश्यांनी हा संच दिला, तर तो जास्त उपयोगी पडेल. कार्यालयात जाणाऱ्या आईने दोन वेळांसाठी दोन कोरडे संच एका डब्यात न्यावेत. वापरलेला संच तिथेच वाहत्या पाण्याखाली विसळून वेगळ्या पिशवीत घरी आणावा आणि घरी पोहोचताच घासावा. वापरलेला पंप तसाच फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा वापरण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. थंडीने जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही; वेळेआधी जन्मलेल्या किंवा अगदी लहान बाळासाठी ती वापरू नये. काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात जास्तीत जास्त चार तास टिकते असे धरतात. ठाण्यातली खोली किंवा लोकलचा डबा वर्षातले बहुतेक दिवस त्याहून गरम असतो, म्हणून ते बर्फाच्या पिशवीसोबतच न्यावे.

आणखी एक घरगुती रीत तपासून पाहायला हवी. पाळणा आणि दुपटी जशी एका घरातून दुसऱ्या घरात जातात, तसा पंपही जाऊ लागला आहे. वहिनीचा पंप नणंदेकडे आणि तिच्याकडून मैत्रिणीकडे. एका व्यक्तीसाठी बनवलेल्या काही पंपांत दुधाचे सूक्ष्म तुषार मोटरीपर्यंत जाऊ शकतात आणि तो भाग उघडून धुता येत नाही. असा पंप दुसरीने वापरू नये. अनेकींनी वापरण्यासाठी बनवलेले पंप वेगळे असतात. ते भाड्याने घेतले तरी दुधाला लागणारे भाग प्रत्येकीचे स्वतंत्रच हवेत.

हे वाचून एखाद्या घरात, एवढी कटकट कशाला, डब्याचे दूध पाजू, असा निष्कर्ष निघू नये. पावडरचे दूध निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टरचे नाव मुळात त्या पावडरीशीच जास्त जोडलेले आहे आणि म्हणूनच ती ७० अंशांपेक्षा कमी तापमानाच्या पाण्यात कालवू नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाटली आणि बूच धुण्या-सुकवण्याची कटकट तिथेही आहेच. आईच्या दुधातली प्रतिद्रव्ये मात्र नाहीत. ज्या घरात पंप परवडत नाही किंवा सुकवायला जागा नाही, तिथे हाताने दूध काढणे हा कमीपणाचा मार्ग नाही. स्वच्छ धुतलेले हात आणि उकळून सुकवलेली रुंद तोंडाची स्टीलची वाटी एवढेच त्याला लागते. वाटीला झडप नसते, खाच नसते. सरकारी रुग्णालयांत नवजात बाळाला वाटी-चमच्याने दूध पाजायला शिकवतात, त्याचेही हेच कारण. आजीच्या काळातले चांदीचे बोंडले दिसायला सुंदर, पण त्याच्या चोचीत ब्रश शिरत नाही. ते आठवण म्हणून जपावे.

लहान बाळाने अचानक दूध ओढणे सोडले, ते सुस्त पडले, अंग तापले किंवा उलट गार पडले, श्वास जलद झाला, टाळू फुगली किंवा झटके आले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच तासाला रुग्णालय गाठावे. दूध काढून पाजले जात असल्याचे तिथे न विसरता सांगावे.

एवढ्या सूचना वाचून कोणत्याही आईला दम लागेल. टाके ओले, झोप अपुरी, त्यात दिवसातून सहा-आठ वेळा हे धुणे. म्हणूनच हे काम तिच्या एकटीचे नाही. दूध फक्त तीच काढू शकते. पंप मात्र बाळाचा बाप, आजोबा, आजी कोणीही धुऊ शकते. घरात हे काम कोणाचे, हे बाळ घरी येण्याआधी ठरलेले असावे.

रुग्णालयांनीही आपला वाटा उचलावा. नवजात विभागातून बाळाला घरी सोडताना औषधांची यादी समजावली जाते, तशीच दहा मिनिटे पंप किंवा वाटी धुऊन-सुकवून दाखवण्यासाठी राखून ठेवता येतील. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या प्रसूतिगृहांत परिचारिका आणि घरोघर जाणाऱ्या आशाताई हे सहज करू शकतात. लसीकरणाच्या पहिल्या भेटीत ‘दूध काढता का, कसे धुता, कुठे सुकवता’ हे तीन प्रश्न विचारायला पैसा लागत नाही. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला संसर्ग झाला, तर त्याच्या दुधाच्या भांड्यांची चौकशीही व्हायला हवी.

कार्यालयांची जबाबदारी तर कायद्यातच आलेली आहे. २०१७ च्या सुधारणेने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर आणि तिथे आईला दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा बंधनकारक केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सार्वजनिक इमारतींत स्तनपानासाठी स्वतंत्र जागा असण्यावर भर दिला. दारावर ‘हिरकणी कक्ष’ अशी पाटी लावणे सोपे असते. त्या कक्षात वाहते पाणी, साबण, खुर्ची, विजेचा सॉकेट आणि भाग ठेवायला एक स्वच्छ फळी असेल, तरच पंप वापरणाऱ्या आईला त्याचा उपयोग. हे नसेल तर ती स्वच्छतागृहात उभी राहून दूध काढते आणि ओला पंप तसाच पिशवीत कोंबून पाच-चाळीसची लोकल पकडते. या परिसरातल्या प्रत्येक कार्यालयाने आणि गर्दीच्या प्रत्येक स्थानकाने आपल्या कक्षात नळ आणि फळी आहे का, एवढे या सप्ताहात पाहून घ्यावे. नसेल तर पुढच्या पावसाळ्याची वाट न पाहता बसवून टाकावे.